फुटबॉलची किक शिकवताना : अंगठा, घोटा आणि टेकलेला पाय



उद्या शा.शि.च्या तासाला एक छोटा प्रयोग करून बघा. मैदानात फुटबॉल ठेवा, तिसरी-चौथीतली पाच-सहा मुलं एकेक करून बोलवा आणि फक्त एवढंच म्हणा, "मार बघू." कसं मारायचं, कुठं मारायचं, काही सांगू नका. बूट घातलेली बहुतेक मुलं लांबून पळत येतील आणि पायाच्या अंगठ्याने चेंडूला ढोसतील. चेंडू कधी सरळ खूप लांब जाईल, कधी बाजूच्या चिंचेकडे. आता अनवाणी मुलांना बोलवा. ती सहसा अंगठ्याने मारत नाहीत. अंगठ्याने मारलं की बोट ठणकतं, हे त्यांचं त्यांनाच कळलेलं असतं. ती पाऊल जरा वळवून आतल्या बाजूने मारतात, नाहीतर पावलाच्या वरच्या भागाने.

म्हणजे नवे बूट घालून आलेल्या मुलाला जे शिकवावं लागतं, ते अनवाणी मुलाला निम्मं आधीच येत असतं. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला फार उपयोगी पडते. "बघा, हा कसा मारतोय," असं म्हणून मी अनवाणी मुलालाच पुढे उभं करते. वर्गात एरवी त्याला पुढे उभं राहायची संधी कमीच मिळते.

आधी हे सांगते की मी फुटबॉलची कोच नाही. प्राथमिक शिक्षिका आहे. डी.एड.ला आम्हाला शारीरिक शिक्षण होतं, कवायत होती, खो-खोची मापं पाठ होती. किक कशी शिकवायची हे त्यात नव्हतं. पण कोल्हापूर जिल्ह्यात नोकरी करायची आणि फुटबॉलपासून लांब राहायचं हे जमत नाही. इथं पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या रांगेतही तोच विषय असतो. २०१७ ची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मुलांना हे सगळं माहीत असतं. त्यांना फक्त चेंडू पायाला कसा लागला पाहिजे हे माहीत नसतं, आणि बहुतेक वेळा ते त्यांना कोणी सांगतही नाही. मैदानाच्या कडेने मोठी माणसं ओरडत असतात, "जोरात मार!" जोर कुठून येतो ते कोणी बोलत नाही.

आणि यात फक्त गोल होणं न होणं एवढंच नसतं. ज्या मुलाची किक नीट बसत नाही, त्याला बाकीची मुलं आपोआप गोलमध्ये उभं करतात. तिथंही जमलं नाही तर तो कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणून देणारा होतो. पाचवीपर्यंत तोच मुलगा सांगायला लागतो, "बाई, मला खेळ आवडत नाही." खरं म्हणजे त्याला खेळ कधी मिळालेलाच नसतो. दुसरी बाजू अशी, की ज्याची किक जोरदार आहे त्याच्याकडून सगळे दिवसभर तीच मारून घेतात आणि अकराव्या-बाराव्या वर्षी त्याचा गुडघा दुखायला लागतो. दोन्ही मुलं आपल्याच वर्गातली असतात.

चेंडू आधी बघा

शाळेच्या कपाटातला फुटबॉल काढा आणि त्याच्यावरचा आकडा वाचा. बहुतेक शाळांत ५ नंबरचा चेंडू असतो. तो मोठ्यांचा आहे. नियमाप्रमाणे त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. तिसरीतलं मूल साधारण २५ किलोचं धरा. ४५० ग्रॅमचा चेंडू त्याला मारायला लावणं म्हणजे ७० किलोच्या माणसाला सव्वा किलोचा चेंडू देण्यासारखं आहे. तुम्ही मारून बघा सव्वा किलोचा. घोटा गेला म्हणून समजा.

आठ वर्षांच्या आतल्या मुलांना ३ नंबरचा, आठ ते बारापर्यंत ४ नंबरचा आणि त्यापुढे ५ नंबरचा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. ४ नंबरचा चेंडू ३५० ते ३९० ग्रॅमचा असतो, ३ नंबरचा त्याहून हलका. समग्र शिक्षामधून प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी ५,००० रुपये येतात. त्यातून एक भारी चेंडू घेण्यापेक्षा साधे पाच-सहा चेंडू घ्या. ३५ मिनिटांचा तास, त्यातली पाच मिनिटं रांगा लावण्यात जातात, वर्गात ४० मुलं आणि चेंडू एकच. हिशोब करा, प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं. पाऊण मिनिटात कोणाला काही येत नाही.

हवा टम्म भरू नका. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत जायला हवा. दगडासारखा टणक चेंडू लागला की मूल पुढच्या वेळी पाय आखडतं, आणि आखडलेल्या पायाने किक कधीच नीट बसत नाही. पावसात भिजलेला जुना चेंडू पाणी पिऊन जड होतो. तो वाळेपर्यंत बाजूला ठेवा.

पायाचा कुठला भाग?

मुलांना जमिनीवर बसवा, बूट काढायला लावा आणि स्वतःच्या पावलावर हात फिरवायला सांगा. अंगठ्याच्या मागच्या सांध्यापासून टाचेच्या आधीपर्यंतची आतली बाजू सपाट, रुंद आहे. ही पासची जागा. बुटाच्या लेस बांधतो तिथला पावलाचा वरचा भाग कडक, हाडाचा आहे. ही जोराच्या किकची जागा. आणि अंगठ्याचं टोक केवढं? रुपयाच्या नाण्याएवढं. गोल चेंडूला एवढ्याशा टोकाने मारलं आणि नेम जरासा सरकला, तरी चेंडू भलतीकडे जातो. रुंद भागाने मारलं तर थोडी चूक पोटात घातली जाते. अंगठ्याची किक नेम का धरत नाही, ते मुलांना या नाण्याच्या उदाहरणावरून लगेच कळतं.

पण अंगठ्याने मारणं म्हणजे पाप आहे असं सांगू नका. २००२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या रोनाल्डोने तुर्कस्तानविरुद्धचा गोल असाच अंगठ्याने ढोसून केला होता, कारण पाय मागे घ्यायला त्याच्याकडे जागाच नव्हती. तो ते निवडून करत होता. आपल्या मुलाला दुसरं काही येत नाही म्हणून तो अंगठा वापरतो, एवढाच फरक.

अनवाणी खेळण्याबद्दल दोन शब्द. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. १९५२ च्या हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं. त्यानंतर आपल्याकडेही बूट घालून खेळणं रूढ झालं. तेव्हा सामन्याला बूट हवेतच, आणि बूट घातलेल्या मुलासमोर अनवाणी मुलाला कधीच खेळवू नका, बोटं चिरडतात. पण चेंडूची ओळख करून घ्यायला, हळू पास शिकायला, खडे वेचून घेतलेल्या मऊ मातीत अनवाणी पाय उत्तम. चेंडू कुठं लागला ते पायालाच समजतं.

टेकलेला पाय

मुलाची किक चुकली की आपण सगळे मारणाऱ्या पायाकडे बघतो. माझं म्हणणं आहे, निम्म्याहून जास्त चुका दुसऱ्या पायात असतात. जो पाय जमिनीवर टेकलेला असतो, तोच चेंडू कुठं जाणार ते बरंचसं ठरवतो.

हा पाय चेंडूच्या शेजारी पडला पाहिजे, मुलाच्या विताएवढं अंतर सोडून. बोटं जिकडं चेंडू पाठवायचा तिकडं. गुडघा किंचित वाकलेला. पाय चेंडूच्या फार मागे पडला तर मुलाला चेंडूपर्यंत पोचायला मागे कलावं लागतं, मग पाय चेंडूच्या खालून जातो आणि चेंडू आभाळात. पाय फार पुढे पडला तर मारणाऱ्या पायाला जागा उरत नाही, चेंडू जमिनीत आपटतो. फार जवळ पडला तर स्वतःच्याच घोट्याला लागतं. मैदानाबाहेरून बघणाऱ्याला "हा सारखा वरून मारतो" एवढंच दिसतं. तुम्ही त्याच्या टेकलेल्या पायाचा ठसा मातीत बघा, कारण सापडेल.

म्हणून मी चेंडूच्या शेजारी फक्कीने एक पाऊल काढते. मुलाने दोन पावलं चालत यायचं, आपला पाय त्या पावलात ठेवायचा आणि मारायचं. पळत नाही, चालत. उजव्या पायाने मारणाऱ्यासाठी पाऊल चेंडूच्या डावीकडे. पाच-सहा वेळा झाल्यावर फक्कीचं पाऊल पुसून टाकायचं. ज्यांच्याकडे फक्की नाही त्यांनी चपटी कवडी, पान, काहीही चालेल. फक्त दगड नको, त्यावर पाय मुरगळतो.

आता चेंडूकडे यायची दिशा. आतल्या बाजूच्या पासला समोरून सरळ आलेलं चालतं. लेसच्या किकला मात्र थोडं तिरपं यावं लागतं, साधारण ३० ते ४५ अंशांतून. सरळ समोरून आलं तर पावलाचा वरचा भाग चेंडूला लावताना बोटं जमिनीत घासतात, आणि ती घासू नयेत म्हणून मूल अंगठा वर करतं. झाली पुन्हा अंगठ्याची किक! चौथीला कोन शिकवतोच आपण. काटकोन आखा, त्याचा अर्धा करा आणि त्या रेषेवरून मुलांना चालवा. गणिताचा तास मैदानात नेल्याचा आनंद वेगळाच.

जोर कुठून येतो : गोफणीची गोष्ट

गावाकडच्या मुलांना गोफण माहीत असते, निदान आजोबांकडून ऐकलेली असते. गोफणीत दगड हाताच्या ताकदीने लांब जात नाही. खांदा फिरतो, मग हात, मग दोरी, आणि शेवटच्या टोकाशी दगडाला सगळा वेग मिळतो. पायाचंही तसंच. आधी कंबर वळते, तिच्यामागून मांडी पुढे येते, गुडघा अजून मागे वाकलेलाच असतो. मग मांडीचा वेग मंदावतो आणि गुडघ्याखालचा पाय चाबकासारखा पुढे येतो. पाऊल हे गोफणीचं टोक.

त्यामुळे "ताकद लाव" असं सांगितलं की मुलाचं बिघडतं. ताकद लावायची म्हणून ते सगळं अंग आवळतं, आणि आवळलेल्या दोरीची गोफण फिरत नाही. अंगाने किरकोळ असलेली मुलगी थोराड मुलापेक्षा लांब मारताना तुम्ही बघितली असेल. तिची गोफण सुटी असते.

फक्त एक जागा सुटी नको : घोटा. चेंडूला पाय लागतो त्या क्षणी घोटा घट्ट हवा. दांडा सैल झालेल्या हातोड्याने खिळा ठोकून बघा, निम्मा जोर दांड्याच्या हलण्यातच जातो. लेसच्या किकला बोटं खाली ताणून, बुटात आवळून घ्यायची. आतल्या बाजूच्या पासला उलटं, बोटं वर, टाच खाली आणि पाऊल बाहेर वळवलेलं. मुलांना "घोटा लॉक" हा शब्द फार आवडतो. आमच्याकडे कुणाचा पास ढिला गेला की समोरचा ओरडतो, "कुलूप लाव की रं!"

चेंडू पायाला लागून असतो तो वेळ किती, ठाऊक आहे? सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. डोळ्याची पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मग किक मारल्यावर पाय पुढे जाऊ दे, म्हणजे फॉलो-थ्रू कर, असं कशासाठी सांगायचं? चेंडू तर गेलेला असतो! कारण असं, की जे मूल चेंडूला लागताच पाय थांबवायचं ठरवतं, त्याचा पाय लागण्याआधीच मंदावायला लागतो. धावण्याच्या शर्यतीत रेषेवर थांबायचं ठरवलेलं मूल रेषेच्या आधीच हळू होतं, म्हणून आपण त्याला रेषेच्या पुढच्या खांबापर्यंत पळायला सांगतो. तेच इथं. पाय चेंडूच्या पलीकडं जाऊ दे.

भिंत, खडू आणि पाणी

आता प्रत्यक्ष सराव. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला कोच म्हणजे शाळेची भिंत. ती थकत नाही, रागावत नाही, आणि जसा माराल तसा चेंडू परत देते. तिरका माराल तर तिरका. (भिंत नुकतीच रंगवलेली असेल तर मुख्याध्यापकांना आधी विचारा. खिडक्यांची बाजू तर टाळाच.) भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत चौकोन आखा. मूल चार-पाच पावलांवर उभं करा. आधी फक्त आतल्या बाजूचा पास, चेंडू अडवणं, पुन्हा पास. पाच मुलांत एक चेंडू, प्रत्येकाने दोन पास मारून बाजूला व्हायचं. पाच मिनिटांत एकेका मुलाचे वीसेक पास सहज होतात.

लेसच्या किकची सुरुवात जमिनीवर ठेवलेल्या चेंडूने करू नका. चेंडू दोन्ही हातांत धरायचा, सोडायचा, आणि लेसच्या जागेने हळूच वर उडवून परत हातात झेलायचा. घोटा ढिला असेल तर चेंडू तोंडावर येतो, बोटं वर असतील तर मागे अंगावर येतो. घट्ट आणि ताणलेला असेल तर सरळ वर, गिरकी न घेता. शिक्षकाने काही बोलायची गरजच पडत नाही. घरच्या अंगणातही हे करता येतं, पालकांनी जरूर करवून घ्यावं.

दुसरी युक्ती खडूची. खडूची पूड पाण्यात कालवून बुटाच्या लेसवर लावा आणि मग किक मारायला सांगा. चेंडूवर पांढरा ठसा उठतो. ठसा चेंडूच्या मध्यावर असेल तर चेंडू सरळ, ठेंगणा गेलेला असतो. खालच्या भागावर असेल तर उंच. बाजूला असेल तर वळून गेलेला. तीन-चार किका झाल्या की मुलं स्वतःच सांगू लागतात, "बाई, खाली लागला, म्हणून वर गेला." यालाच आपण कार्यकारणभाव म्हणतो आणि परिसर अभ्यासात फळ्यावर लिहून देतो.

इथंच ती प्रसिद्ध वळणारी फ्री किक सांगायची. ३ जून १९९७, फ्रान्समधलं लिऑन, ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस. गोलपासून साधारण ३५ मीटरवरून त्याने डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलं. चेंडू गोलपोस्टच्या इतका उजवीकडे चालला होता की तिथला बॉलबॉय डोकं वाचवायला वाकला, आणि मग चेंडू डावीकडे वळून पोस्टला चाटून आत गेला. चेंडू स्वतःभोवती फिरत असला की त्याच्या एका बाजूची हवा जास्त रेटली जाते आणि चेंडू विरुद्ध बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. मुलांना व्हिडिओ दाखवा, तोंडं उघडी पडतात. लगेच तशी किक मारून बघायला सगळे पळतील. पळू दे एक दिवस. दुसऱ्या दिवशी परत भिंत.

एका वेळी एकच सूचना

"खाली बघ, पाय शेजारी टाक, घोटा घट्ट, मागे कलू नको, हात बाजूला घे, आता मार." एवढं ऐकल्यावर मी स्वतःही किक मारू शकणार नाही. एका तासाला एकच गोष्ट. आज टेकलेला पाय, तर आज घोट्याबद्दल अवाक्षर नाही, कितीही ढिला दिसला तरी.

आणि सूचना शरीराबद्दल देण्यापेक्षा चेंडूबद्दल किंवा निशाण्याबद्दल दिली तर मुलं लवकर शिकतात. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्यानंतर इतरांनी हालचाली शिकण्यावर बरंच काम केलं आहे. लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर कौशल्य सहसा चांगलं बसतं, असं त्यातून दिसतं. म्हणून "गुडघा चेंडूवर आण" याऐवजी "चेंडू गवताला चिकटून जाऊ दे, बाटली पाड" असं म्हणा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तळाशी थोडी वाळू घालून उभ्या करा. बाटली पाडायच्या नादात गुडघा आपोआप जागेवर येतो.

डावा पाय, आणि मुली

डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिही म्हणणारी घरं अजून आहेत. पायाच्या बाबतीत तोच हट्ट मैदानावर दिसतो. मूल आपणहून डाव्या पायाने मारत असेल तर मारू द्या. मॅराडोना आणि मेस्सी दोघेही डाव्या पायाचे. उलट उजव्या पायाच्या मुलांनाच मी रोज थोडा वेळ डाव्या पायाने पास मारायला लावते. त्या पायाची किक वेडीवाकडी जाते, त्यामुळे वर्गातले शेरखान आणि भित्रे एका पातळीवर येतात, हा वरचा फायदा.

मुलींची किक "हलकी" असते असं सरसकट म्हणतात. वयात येण्याआधी मुलग्या-मुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो. फरक असतो तो सरावाचा. तीन वर्षांच्या मुलाला चेंडू आणून दिला जातो, मुलीला भातुकली. आठव्या वर्षी दोघं मैदानात येतात तेव्हा त्याच्या हजारो किका मारून झालेल्या असतात. हे अंतर भिंतीसमोर काही आठवड्यांत बरंच कमी होतं, मी बघितलं आहे. अट एवढीच की चेंडू तिच्या पायाशी पोचला पाहिजे. सुरुवातीला मुलींचे गट वेगळे ठेवले तर तो पोचतो. नंतर मिसळा. २०२२ मध्ये मुलींची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला, हे वर्गात सांगितलं तेव्हा निम्म्या मुलींना ते पहिल्यांदा कळलं.

गुडघा, टाच आणि गोलपोस्ट

हा भाग पालकांनी नीट वाचावा.

वाढीच्या वयात हाडांची टोकं अजून पूर्ण पक्की झालेली नसतात. मांडीचा मोठा स्नायू जिथं गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, ती जागा सारख्या जोरदार किका, उड्या आणि पळण्याने ओढली जाते. तिथं दुखतं, कधी टेंगूळ येतं. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. साधारण १० ते १५ या वयात दिसतं. टाचेच्या मागे असाच त्रास होतो, त्याला सेव्हर म्हणतात, तो थोडा लहान वयातही होतो. दोन्ही सहसा भार कमी केल्यावर बरे होतात. पण "शिर आखडली असेल" म्हणून कडक मालिश करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नका. गुडघ्याखाली बोट ठेवून मूल "इथंच दुखतंय" म्हणालं, लंगडायला लागलं, की खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मी एका तासात पूर्ण जोराच्या किका वीस-पंचवीसच्या वर जाऊ देत नाही. पास कितीही मारा.

स्पर्धा जवळ आली की काही ठिकाणी एकाच दमदार मुलाकडून सकाळ-संध्याकाळ शंभर-शंभर किका मारून घेतात. ढाल शाळेला मिळते, गुडघा मुलाचा जातो. हे मला अजिबात पटत नाही.

गोलपोस्ट सुटे असतील तर ते जमिनीत पक्के करा, निदान मागच्या पट्टीवर वाळूची पोती टाका. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात. पोस्ट अंगावर पडून अनेक देशांत मुलं दगावली आहेत. आमच्याकडे लहान गटासाठी आम्ही दोन दप्तरं ठेवतो, तेच बरं. जोराच्या किकचा सराव चालू असताना गोलमध्ये कोणाला उभं करू नका, भिंत आणि बाटल्या आहेत ना. हेडिंग तर या वयात नकोच. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं.

तासाची मांडणी

पहिली पाच-सात मिनिटं पकडापकडी, लंगडी. लंगडीला हसू नका, टेकलेल्या पायाचा तोल तिच्यासारखा दुसऱ्या कशाने येत नाही. मग दहा मिनिटं भिंत किंवा जोड्यांत पास. मग दहा मिनिटं त्या दिवसाची एक गोष्ट, बाटल्या पाडत. उरलेला वेळ सामना, पण ११-११ चा नाही. चार-चारचे संघ, छोटी मैदानं, एकाच वेळी चार-पाच सामने. प्रत्येक मुलाला चेंडू सारखा मिळतो. चेंडू चालत असताना किक मारणं हे उभ्या चेंडूपेक्षा वेगळं असतं, टेकणारा पाय चेंडू जिथं पोचणार त्या जागेचा अंदाज घेऊन टाकावा लागतो. हा अंदाज फक्त खेळूनच येतो. भिंतीसमोर बरोबर मारणारं मूल सामन्यात पुन्हा अंगठ्यावर येईल. येऊ दे. दोन-तीन महिने ते मागे-पुढे चालतंच.

पालकांना एकच काम सांगते. मोबाइलवर स्लो मोशनची सोय असते. मुलाची किक बाजूने, जमिनीजवळ मोबाइल धरून घ्या. आणि मग आधी स्वतः काही न बोलता मुलाच्या हातात द्या. "काय दिसतं?" एवढंच विचारा. आमच्या चौथीतल्या एका मुलाने स्वतःचा व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाला, "माझा डावा पाय मागंच राहतोय की." त्याला गेले दोन आठवडे तेच सांगत होते. व्हिडिओ बघून झाला की पुसून टाका, आणि वर्गाच्या ग्रुपवर तर दुसऱ्याच्या मुलाचा कधीच टाकू नका. पडलेल्या, हुकलेल्या किकवर ग्रुपमध्ये येणारे हसरे चेहरे मुलांपर्यंत पोचतात.